विषय: मागच्या चाकाकडची टकटक, शॉकअप बदलूनही जात नाही

मंडळी, नमस्कार.

आमच्या हॅचबॅकच्या मागच्या डाव्या बाजूने टकटक आवाज येतो. बडोद्यात मांडवीच्या आसपास उखडलेल्या रस्त्यावर किंवा पेव्हर ब्लॉकवर गाडी हळू असली की हमखास. मोठ्या बंपवर मात्र काही नाही, आणि अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर तर गाडी एकदम गप्प. गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून चाकं हलवून पाहिली, काही सापडलं नाही. मग मागचे दोन्ही शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) नवे घातले. आवाज तसाच. आता म्हणतात, ॲक्सलचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, बदलू. मागच्या सीटवर आई बसते, तिला सारखं वाटतं चाक निखळणार. अंदाजाने एकेक भाग बदलत जायला माझं मन तयार नाही. कुणी सांगू शकेल का?

– मांजलपूरहून

*

ताई, नमस्कार.

आधी आईंना सांगा, चाक निखळण्याचा हा आवाज नाही. तरी चाकाचे बोल्ट पान्याने एकदा तपासून घ्या, म्हणजे त्यांचाही जीव शांत होईल.

तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. मोठ्या बंपवर गप्प आणि बारीक खाचखळग्यांवर टकटक, म्हणजे कुठेतरी मिलिमीटर-दोन मिलिमीटरची ढिलाई आहे. ॲक्सलचा बुश फाटला तर आवाज जड येतो, धप्प असा, तोही खड्ड्यात किंवा ब्रेक मारताना. शिवाय वळणावर गाडीचा मागचा भाग किंचित सरकल्यासारखा वाटतो. तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही, तेव्हा बुशला एवढ्यात हात लावू देऊ नका.

लिफ्टवर काही सापडलं नाही याचं मला नवल वाटत नाही. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लोंबकळतात, शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि ॲक्सलच्या वजनाने शॉकअपच्या वरच्या टोकाचं रबर एका बाजूला घट्ट ओढलं जातं. मग कितीही हलवा, ढिलाई लपते. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असेल तरच हा दोष हाताला लागतो. म्हणून पिट, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, असलेलं गॅरेज पाहा.

त्याआधी घरी करायचं ते असं. डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाना, पार्सल ट्रे, सगळं बाहेर. मागच्या सीटची पाठ खटक्यात नीट बसली आहे का पाहा. तो खटका सैल असला तर आवाज हुबेहूब चाकाकडून आल्यासारखा वाटतो. मग त्याच रस्त्यावरून एक चक्कर मारा. आवाज राहिला तर मोकळ्या गल्लीत, अगदी हळू, हँडब्रेक एक-दोन दात ओढून थोडंच अंतर चालवा. तेवढ्याने आवाज बंद झाला तर मागच्या ब्रेकच्या ड्रममधले ब्रेकशू वाजतायत. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी तुमच्या पार्किंगमध्ये आलं होतं का? आलं असेल तर ड्रम उघडून गाळ आणि गंज साफ करून घ्याच, आवाज असो वा नसो.

एवढं करून कळवा. तोवर खरेदी नको.

– दांडिया बाजारातून

*

काकांच्या मुद्द्यात एक भर. स्प्रिंगचं खालचं टोकही बघा. इथे टोरांटोला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गंजून स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटतो आणि तुटका तुकडा तिथेच बसून वाजत राहतो. बडोद्यात मीठ नाही, त्यामुळे शक्यता कमी. पण टॉर्चने पाहायला मिनिटभर पुरे.

– टोरांटोहून

*

काका, डिकी रिकामी करून पाहिली, आवाज तोच. हँडब्रेकने फरक नाही. पाणी आमच्याकडे आलं नव्हतं. स्प्रिंग शाबूत आहेत, दादा.

काल पिटवाल्या गॅरेजमध्ये नेली. मुलाने मागचा कोपरा दाबून सोडायचा आणि मेकॅनिकने डिकीतलं अस्तर काढून शॉकअपच्या वरच्या नटाजवळ बोट ठेवायचं, असं केलं. उजवीकडे काही नाही, डावीकडे बोटाला स्पष्ट ठोका लागला! उघडल्यावर दिसलं की शॉकअप नवा, पण त्यावर जुनंच रबर चढवलेलं. चपटं होऊन दगडासारखं कडक झालंय. नट पूर्ण आवळलेला आहे, तरी रबर वॉशरखाली फिरतं.

– मांजलपूरहून

*

हेच मनात होतं. शॉकअपच्या खोक्यात वरचं रबर असतंच असं नाही, ते बरेचदा वेगळं मागावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात रबर लवकर मरतं. नट शॉकअपच्या दांड्याच्या खांद्यावर टेकला की पुढे जात नाही, मग चपटं रबर दाबलं जातच नाही. शॉकअप कितीही भारी असो, तो वाजणारच.

दोन्ही बाजूंची रबरं आणि वाटीसारखे वॉशर नवे घ्या, एकाच बाजूचे नको. रबर बसवताना ऑइल किंवा ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं; लागलंच तर सिलिकॉन ग्रीस. नट आवळताना दांडा पान्याने धरून ठेवायला सांगा. दांडा गरगर फिरवला तर आतलं सील खराब होतं आणि नवा शॉकअप गळू लागतो.

आणि ही गोष्ट माझ्यासाठी म्हणून करा. शॉकअपचा खालचा बोल्ट, जो बुशातून जातो, तो शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करूनच. चाकं लोंबकळताना आवळला तर गाडी खाली आल्यावर बुशातलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि अकाली फाटतं. घाईत हे सर्रास होतं. तुमचे शॉकअप लिफ्टवर बदललेत, तेव्हा तो बोल्ट आताच सैल करून पुन्हा आवळून घ्या. बसवून झालं की पावागडच्या रस्त्याला एकदा जाऊन या, आणि परत आल्यावर वरच्या नटांना पुन्हा एकदा पाना लावा.

– दांडिया बाजारातून