मिक्सर लावला की व्हॅनमधला इन्व्हर्टर बंद पडतो

घाटवाट:
बीएस-६ डिझेल व्हॅन. मागे १५० एएच ट्युब्युलर बॅटरी, पुढे १००० वॅटचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, मध्ये ४ मीटर १० स्क्वेअर एमएम वायर. पंखा, लॅपटॉप चालतात. ७५० वॅटचा मिक्सर लावला की बीप होऊन सगळं बंद. तेव्हा बॅटरीवर ११.८ व्होल्ट असतात. चार्जिंगला व्होल्टेज सेन्सिंग रिले आहे (इंजिन चालू होऊन व्होल्टेज चढलं की मागची बॅटरी आपोआप जोडणारा स्विच), पण पाच तास गाडी चालवूनही बॅटरी भरत नाही. बॅटरी बदलू का?

तारयंत्री:
बॅटरीला दोष देऊ नका, वायर बघा. ७५० वॅटला बॅटरीतून ७० अँपिअर ओढले जातात. १० स्क्वेअर तांब्याचा रोध मीटरला १.८ मिलिओहम, जाऊन-येऊन ८ मीटर, म्हणजे १ व्होल्ट वायरीतच गेला. त्यात मिक्सर सुरू होतानाचा झटका. बहुतेक इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास कट होतात. मिक्सर चालू असताना इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मीटर लावा, कळेलच.

इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभरावर आणा, वायर ३५ स्क्वेअर. लांबवायचीच तर २३० व्होल्टची बाजू लांबवा, तिथून जेमतेम ४ अँपिअर जातात. फ्यूज १२५ अँपिअर, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. आणि लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचं भोकाचं धातूचं टोक, पक्कडीने चेपू नका हो! सैल लग तापून इन्सुलेशन वितळतं.

डायनामो:
चार्जिंगचं दुखणं वेगळं. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत पुढची, म्हणजे गाडीची स्वतःची बॅटरी भरली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अल्टरनेटरचं व्होल्टेज उतरवतो. मग रिले सुटतो आणि मागची बॅटरी भरायची थांबते. तुमच्या ट्युब्युलरला भरायला १४.४ व्होल्ट हवेत. रिले काढून २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा, तो कमी व्होल्टेज वाढवून मागच्या बॅटरीला देतो. किल्ली फिरवल्यावरच चार्जर चालू करणारी इग्निशनची वायर जोडायला विसरू नका, नाहीतर उभ्या गाडीत तो पुढची बॅटरी रिकामी करेल. शेवटचे २० टक्के मात्र रेंगाळतच भरतात.

तारयंत्री:
बॅटरी झोपायच्या जागेत असेल तर बंद पेटीत घाला, व्हेंटची नळी बाहेर काढा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

घाटवाट:
मोजलं. बॅटरीवर ११.८, इन्व्हर्टरवर १०.४. लग कुठला मागू?

तारयंत्री:
आधी टर्मिनलचा बोल्ट मोजा. ८ एमएम असेल तर ३५-८ मागा, म्हणजे ३५ स्क्वेअरची वायर, ८ एमएमच्या बोल्टचं भोक. ३५-१० माथी मारला तर भोक मोठं पडतं, लग नीट टेकत नाही आणि तिथेच तापतो.