सगळी भुतं कोकणातच का? ऑक्टोबरभर हॉरर बघायचंय, सुचवा

चोपड्याची_लेक
नमस्कार मंडळी. दसरा झाला, आता 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनपर्यंत रोज रात्री काहीतरी भीतीदायक बघायचं नाहीतर वाचायचं असं ठरवलंय. पुण्यात असताना आम्ही रूमवरच्या चौघी दरवर्षी करायचो. लाईट बंद, लॅपटॉप खुर्चीवर, एका चादरीत चौघी, आणि एकीला हमखास मधेच तहान लागायची पण एकटीची किचनमधे जायची हिंमत नसायची म्हणून मग पिक्चर थांबवून सगळ्या उठून पाणी प्यायला.

यावर्षी दिवाळीपर्यंत घरून काम आहे म्हणून चोपड्याला आलेय. इथे टीव्ही एकच, तो हॉलमधे, आणि हॉलमधेच आजी झोपते. पप्पांच्या बातम्या दहाला संपतात, त्यानंतर टीव्ही माझा, पण आवाज वाढवायचा नाही. वर काकाचा मुलगा, वय 11, "मी नाही घाबरत" म्हणत शेजारी येऊन बसतो, रात्री दोनला काकूला उठवतो आणि सकाळी शिव्या मला.

आणि हवा म्हणाल तर पिक्चरमधे पानगळ, धुकं, स्वेटर, शेकोटी. आपल्याकडे ऑक्टोबर हीट. कूलर अजून खिडकीतच आहे, त्याच्या घरघरीत खरं भूत येऊन कानात बोललं तरी ऐकू येणार नाही.

तुंबाड, मुंज्या, लपाछपी, रात्रीस खेळ चाले हे सगळं बघून झालंय. एक लपाछपी सोडला तर बाकी सगळं कोकणात! आपल्या खान्देशात काय भुतांना यायला गाडी नाही का? तर मला सांगा, सुरुवात कुठून करू, वाचायला काय घेऊ, आणि या पोराचं काय करू. रक्ताचा सडा आणि आतडी बाहेर वगैरे नकोय, जेवण जात नाही मग.

रद्दीतला_वाचक
चोपड्याच्या लेकी, तुला हॅलोविन कशाला पाहिजे? मराठी माणसाचा भुताचा सीझन आधीपासून ऑक्टोबरातच आहे, त्याला दिवाळी अंक म्हणतात. 1909 ला मनोरंजनने पहिला काढला तेव्हापासूनची परंपरा. धनंजय, नवल हे अंक आमच्या घरी फराळाच्या आधी यायचे आणि त्यातल्या गूढकथा आधी कोण वाचणार यावरून भांडणं व्हायची. चकली खात भुताची गोष्ट वाचायची, बोटांचं तेल पानाला लागायचं. आजही माझ्याकडचे जुने अंक उघडले की ज्या पानावर जास्त डाग ती गोष्ट चांगली असं समजायचं.

पुस्तकात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी हे दोघे आधी संपव, मग पुढे जा. धारपांची "लुचाई" घे, पण सांगून ठेवतो, ती स्टीफन किंगच्या सेलम्स लॉटवरून घेतलेली आहे. त्यावरून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मी पण मुरडायचो. नंतर मूळ पण वाचलं आणि मत बदललं. कारण धारपांनी ती गोष्ट उचलून जिथे आणून ठेवली तिथली माणसं आपली आहेत, दार लावायची पद्धत आपली, संशय घ्यायची पद्धत आपली. भीती उसनी आणता येते, घर उसनं आणून चालत नाही.

मतकरींचं उलट. त्यांच्याकडे भूत असेलच असं नाही. साधी माणसं एका खोलीत बसलीयत, बोलतायत, आणि त्यांच्यातलाच एकजण असं काही वागतो की पुस्तक मिटवून ठेवावंसं वाटतं. "खेकडा" पासून सुरू कर. रात्री वाचू नकोस असं नाही म्हणणार, पण पूर्ण संग्रह एका बैठकीत संपवू नकोस. रोज एक गोष्ट. सलग वाचल्या की शेवटचा झटका आधीच कळायला लागतो आणि मजा जाते.

त्या पोराला पण मतकरीच दे. "अलबत्या गलबत्या" हे बालनाट्य त्यांचंच, त्यातली चेटकीण बघून आमच्या पिढीतली पोरं खुर्चीखाली गेली होती आणि परत खुर्चीवर येऊन हसली पण होती. दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले होते त्यात. पोराला असंच काहीतरी पाहिजे, घाबरून लगेच हसता येईल असं.

बाय द वे, तुंबाड तू बघितलायस म्हणतेस, मग धारपांची "आजी" वाचली का? पिक्चरातल्या त्या म्हातारीचं मूळ त्या गोष्टीत आहे. वाच आणि मग पिक्चर परत बघ.

डाऊन_लाईन_भुसावळ
आवाज वाढवता येत नाही हेच तुझं खरं दुखणं आहे ताई, बाकी सगळं नंतर. हॉरर अर्धा काय पाऊण कानाने बघायचा असतो. पटत नसेल तर कुठलाही भयानक सीन म्यूट करून बघ, नुसता एक माणूस जिना चढताना दिसतो बस. हेडफोन घे. ब्लूटूथवाला असेल तर आवाज मागे पडतोय का ते आधी बघ, दार आधी उघडतं आणि करकर नंतर येते मग सगळा सत्यानाश. आणि टीव्हीच्या सेटिंगमधे ते चित्र गुळगुळीत करणारं मोशन काहीतरी असतं ते बंद कर, त्याने पिक्चर सासू-सुनेच्या सिरीयलसारखा दिसतो.

सुरुवात त्या सीझनच्या नावाच्याच पिक्चरने कर, 1978 चा हॅलोविन, जॉन कार्पेंटरचा. रक्त अगदी कमी आहे, लोकांना आठवतं त्यापेक्षा कितीतरी कमी. संगीत दिग्दर्शकाने स्वतःच केलंय, पाच मात्रांचा ठेका आहे, आपल्या कानाला चारची सवय, त्यामुळे दर वेळी एक पायरी चुकल्यासारखं होतं आणि पोटात गोळा येतो. पैसे नव्हते त्यांच्याकडे, सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास काम उरकलं. खुन्याचा तो प्रसिद्ध मुखवटा म्हणजे स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा तयार मुखवटा पांढरा रंगवलेला. आणि तुझ्या पानगळीचं ऐक, शूटिंग कॅलिफोर्नियात वसंतात झालं, झाडं हिरवीगार, म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर टाकायची, सीन झाला की गोळा करून पोत्यात भरायची आणि पुढच्या सीनला परत टाकायची. म्हणजे त्यांच्याकडे पण खरा ऑक्टोबर नव्हताच. तू कूलर लावून बघ बिनधास्त.

सिरीजमधे द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस, 2018 ची, 10 भाग. ही एकटीने बघ. माणसं बोलत असतात ना, तेव्हा त्यांच्याकडे बघू नको, मागे बघ. दाराच्या फटीत, जिन्याखाली, पियानोच्या मागे कोणीतरी उभं असतं, कॅमेरा त्याच्याकडे जात नाही, संगीत वाजत नाही, कोणी काही बोलत नाही. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा दोनच दिसले. दुसऱ्यांदा बघताना इतके सापडले की रात्रपाळीला यार्डात जाताना दोन डब्यांमधल्या फटीत बघायचं बंद केलं. सहावा भाग दिवाळीचा फराळ करायच्या दिवशी नको, सलग बघ, त्यात कट फार कमी आहेत, एकेक शॉट लांबच लांब चालतो आणि मधे उठलं की तार तुटते.

स्पष्टवक्ता_धुळे
दिवाळी तोंडावर आहे, घरात लक्ष्मी यायची आणि तुम्ही भुतं बोलावून राहिले. परक्यांचे सण आणून नाचायचं, आपलं काही माहीत नाही. बाकी चालू द्या.

रद्दीतला_वाचक
@स्पष्टवक्ता_धुळे भो, 2024 ला 31 ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, पहाटे कारीट फोडलं आणि रात्री आमच्या कॉलनीतली पोरं मुखवटे घालून फिरली, लक्ष्मी दुसऱ्या दिवशी आली की व्यवस्थित. आणि परकं म्हणशील तर आयर्लंडकडच्या लोकांचा तो सुगी संपल्याचा सण, साविन म्हणायचे, त्या रात्री गेलेली माणसं परत येतात असा समज. तिकडचे लोक अमेरिकेत गेले, आधी सलगम कोरून दिवा करायचे, तिकडे गंगाफळ मिळालं, ते कोरायला सोपं. आपण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घागर भरून पितरांना बोलावतोच की, आंब्याचा रस आणि पुरणपोळी करून. आपल्याकडे पितर जेवून जातात, त्यांच्याकडे चॉकलेट मागतात, एवढाच फरक.

स्पष्टवक्ता_धुळे
आखाजीची बरोबरी याच्याशी नका करू. (तुंबाड मी पण बघितलाय, चांगला आहे.)

केळीबाग_रावेर
खान्देशात भूत नाही म्हणणाऱ्या ताईने एकदा रातच्या लाईटीला आमच्या बागेत यावं.

सांगतो. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते, बाराला येते, मोटर चालू करायला जावं लागतं. मागच्या वर्षी मले नवीन नाद लागला होता, कानात मराठी भयकथा लावून जायचो, तेवढाच वेळ जातो. आता ज्यांनी केळीची बाग रात्री बघितली नाही त्यांना सांगतो, घडावर आपण पांढऱ्या स्कर्टिंग बॅगा घालतो, डाग पडू नये म्हणून. दिवसा काही वाटत नाही. रात्री बॅटरी मारली की ओळीने पांढरं पांढरं लटकलेलं दिसतं, बरोबर माणसाच्या छातीच्या उंचीवर, हजार दीड हजार, आणि बॅटरी हलली की सगळ्यांच्या सावल्या एकदम वळतात. वरून सुकलेलं पान खोडावर घासतं, खर्र खर्र, आणि ते वाऱ्याने घासतं पण खाली जमिनीवर वारा लागत नाही, म्हणून वाटतं वारा नाही मग चालतंय कोण. ठिबक सुरू झालं की पहिली हवा बाहेर पडते नळीतून, स्सस्स करून. पायाजवळ.

तर कानात बाई सांगून राहिली की तो मागे वळला आणि नेमकं एक घड टेकूसकट पडला माझ्या मागे. धप्प. 25 किलोचा तरी असेल. मी मोटर, चप्पल, बॅटरी सगळं टाकून बांधावर. रस्त्यावर आलो तर कानात बाई चालूच, गोष्ट संपून राहिली होती, तो माणूस पण पळूनच राहिला होता. सकाळी बाप विचारतो चप्पल दोन ओळींत कशी काय, एक इकडे एक तिकडे.

लपाछपी बघताना ते उसाचं शेत बघून लोकं घाबरले, मी नाही. ऊस काय, आरपार वारा खेळतो त्यात. केळीत दुपारी बाराला पण अंधार असतो. कोणी पिक्चर काढणार असेल तर बाग मी देतो, फक्त बिबट्याचं तुमचं तुम्ही बघा, तो खरा आहे.

डाऊन_लाईन_भुसावळ
@केळीबाग_रावेर स्कर्टिंग बॅगा 😂 दर पंधरा दिवसांनी त्या रस्त्याने जातो मी, आता झालं कल्याण

सातपुडा_पायथा
मजा वाचतोय, मी पण हॉररवालाच आहे त्यामुळे रसभंग करायचा नाहीये. पण नंदुरबारकडचा आहे म्हणून एकच बोलतो. आमच्या भागात "डाकीण" हा शब्द पिक्चरमधला नाही. एखाद्याचं पोर आजारी पडलं, बैल मेला की गावातल्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवतात आणि मग तिला मारहाण, गावाबाहेर. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो अशासाठीच. म्हणून मला ते पिक्चर जमत नाहीत ज्यात गावाने जिच्यावर संशय घेतला ती शेवटी खरंच चेटकीण निघते. गाव चुकलेलं असतं असे पिक्चर जास्त भीतीदायक असतात आणि खरे पण. पोराला दाखवताना एवढं बघा. बाकी त्याला झपाटलेला दाखवा, 1993 चा, तात्या विंचू, तो बाहुला रामदास पाध्यांचा. माझी मुलगी आठवडाभर बाहुल्या कपाटात बंद करून झोपत होती पण रोज परत लाव म्हणायची.

चोपड्याची_लेक
सगळ्यांना थँक्यू, उशिरा लिहितेय कारण घरात कापूस आलाय, मागच्या खोलीत छतापर्यंत ढीग, आणि केळीबाग_रावेर यांच्यामुळे आता पांढरं काही बघितलं की त्या बॅगाच आठवतात.

झपाटलेला झाला. पोरगं खूष, दोनला उठलं नाही. मात्र सकाळी माझ्या लहानपणीची बाहुली शोकेसमधे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती, कोणी केलं विचारलं तर म्हणतो माहीत नाही.

धारपांची "आजी" इथल्या वाचनालयात मिळाली, बाइंडिंग सुटलेलं आहे आणि कोणीतरी पेन्सिलने समासात "बापरे" लिहून ठेवलंय. वाचून झाल्यावर काल रात्री हेडफोन लावून तुंबाड परत लावला. पोराला आधीच काकूकडे पाठवलं. आजी भिंतीकडे तोंड करून झोपलेली, मला वाटलं गाढ. तो सुरुवातीचा भाग आला, आई घरी नाही आणि साखळीतल्या म्हातारीला जेवू घालायची पाळी पोरावर येते तो, मी उशी छातीशी धरून बसलेली, आणि मागून खांद्यावर हात. माझा हेडफोन पडला, मी किंचाळले, पप्पा लाईट लावून बाहेर. आजी पलंगावर उठून बसलेली, चष्मा लावून. किती वेळापासून बघत होती देव जाणे. आवाज नाही, काही नाही, नुसतं चित्र बघून मला विचारते, "त्या म्हतारीले जेवाले कोन देस वं?"

मी म्हटलं, आजी ती भूत आहे. तर म्हणे, "भूत शे ते काय व्हयनं, भूक लागस ना."

मग हेडफोन काढला, आवाज बारीक केला आणि शेवटपर्यंत दोघींनी बघितला. पिक्चरातल्या त्या हस्तर राक्षसाचं तिला काही वाटलं नाही, हावरट माणसाचं हेच होतं म्हणाली आणि झोपली. मी साडेतीनपर्यंत जागी. आज संध्याकाळी वाती वळता वळता विचारतेय, आज काय लावणार, दहाची वाट कशाला बघायची.

तर आता यादी बदलून द्या. 78 ची आजी, 11 चं पोरगं आणि मी, तिघांनी मिळून बघण्यासारखं. आणि शक्यतो ज्यात म्हातारी उपाशी नसेल असं.