थानात खोमन यांच्याबद्दल कोणी सांगेल का?

प्रश्न: आसिआनबद्दल (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) वाचताना थायलंडच्या थानात खोमन यांचं नाव सारखं येतंय, ते मुळात राजकारणी होते की डिप्लोमॅट?

उत्तर: आधी डिप्लोमॅटच. अमेरिकेत राजदूत होते, मग १९५९ ते १९७१ सलग परराष्ट्रमंत्री. १९६७ ला बँकॉकमध्ये आसिआनच्या स्थापनेवर पाच देशांची सही झाली ना, त्याआधी त्यांनी बाकी चौघांना बांग साएन या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावी नेलं, साधे शर्ट घालून गोल्फ खेळत खेळत मसुदा ठरला, आणि लक्षात घ्या इंडोनेशिया-मलेशियाचं भांडण तेव्हा नुकतंच मिटलं होतं, ते मिटवण्यातही हेच मध्यस्थ. मला तर हे त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

उत्तर: १९६२ चं रस्क-थानात निवेदन पण बघा (रस्क म्हणजे तेव्हाचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री). सीएटो या अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या लष्करी करारातले बाकीचे देश तयार नसले तरी थायलंडवर हल्ला झाला तर अमेरिका मदत करेल, हे त्यांनी लेखी घेतलं. छोट्या देशासाठी केवढी गोष्ट आहे ही!

उत्तर: आणि तेच पुढे चीनशी बोलायला हवं म्हणायला लागले. नोव्हेंबर १९७१ ला लष्कराने सत्ता हातात घेतली आणि मंत्रिपद गेलं. वाईट वाटतं वाचून. नंतर १९८० मध्ये उपपंतप्रधान झाले, २०१६ ला वारले, वय १०१.