टॅरोची कार्डं आजच्या गोव्यात काढायची तर चिन्हं कशी शोधायची?

फोंड्याची_रेघ
नमस्कार मंडळी. टॅरोच्या मेजर आर्काना म्हणजे मोठ्या २२ कार्डांची चित्रमालिका करतेय, आजच्या काळातली आणि आपल्याकडची. भविष्य बघण्याशी माझा संबंध नाही, चित्रं म्हणून ती कार्डं मला फार आवडतात. पण नेटवर मॉडर्न म्हणून जे डेक दिसतात त्यात मॅजिशियनच्या टेबलावर लॅपटॉप, हर्मिटच्या हातात कंदिलाच्या जागी मोबाइलचा टॉर्च, लव्हर्स सेल्फी काढतायत, एवढंच असतं, एकदा बघितलं की संपलं. आणि गोवा म्हटल्यावर बीच, माड, कसिनो हे तर नकोच. चॅरियटसाठी, म्हणजे रथाच्या कार्डासाठी, मी मोटारसायकल पायलट (दुचाकीवर भाड्याने माणसं नेणारा) घेतलाय, पिवळ्या मडगार्डची गाडी, मागे पिशव्या घेऊन बसलेली बाई, आणि तो मस्त जमलाय. टेंपरन्स (संयम, समतोल), डेथ आणि टॉवर या तिघांवर मात्र गाडी अडलीये. तुम्ही काय कराल?

मांडवीकाठ
ताई, तुझा पायलट का जमला ते बघ ना. रायडर-वेट डेकमधल्या चॅरियटला एक काळा नि एक पांढरा स्फिंक्स आहे आणि सारथ्याच्या हातात लगामच नाही, म्हणजे ते कार्ड रथाचं नाहीच, ओढाताण सांभाळून सरळ जाणाऱ्या माणसाचं आहे, आणि मार्केटच्या गर्दीत पायलट रोज तेच करतो. लॅपटॉपवाल्या कार्डांत नुसती वस्तू बदलते. जुन्या चिन्हाचं काम आज आपल्याकडे कोण करतंय ते शोधायचं.
टेंपरन्ससाठी मला तर लगेच खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घालून केलेली शेती, दिसली. त्या कार्डात देवदूताचा एक पाय जमिनीवर, एक पाण्यात, आणि तो एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओततोय. आता आपला बांध घे, एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला कोरगूट भाताचं शेत, आणि मधे मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा. भरती आली की पाण्याच्या दाबानेच मानशीची लाकडी दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं. खारं किती आत घ्यायचं, गोडं किती राखायचं, यावर शेतही टिकतं नि मासळीही. याच्यापेक्षा नेमकं टेंपरन्स कुठे मिळणार! आणि मानस सांभाळणारा माणूस म्हातारा, गुडघ्यापर्यंत चिखलात असाच काढ, पंख वगैरे नकोत प्लीज.

डिचोलीकार
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. डेथबद्दल लिहितो कारण आमच्या भागात ते कार्ड सगळ्यांनी जगलंय. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, परत थोड्या सुरू झाल्या, मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. घराघरांत खनिज वाहणारे ट्रक होते, ते अंगणात उभे राहून गंजले. जुन्या कार्डात सांगाडा घोड्यावर बसून येतो, राजा आडवा पडलाय, बिशप हात जोडून उभा, लहान मूल मात्र न घाबरता बघतंय आणि मागे दोन मनोऱ्यांच्या मधे सूर्य. तू घोड्याच्या जागी टायर बसलेला टिपर घे, हौदात रानवेल वाढलेली, मागे पाण्याने भरलेला खाणीचा खड्डा आणि चाकाशी खेळणारं पोर. पण वाईट संपलं, आता सगळं हिरवं असं गोड चित्र करू नको हां, ज्याचा हप्ता बाकी होता तो माणूसही त्या कार्डात पाहिजे.

वाडीचो_झील
मी सावंतवाडीचा, पणजीत डिझाइनचं काम करतो. आकाराबद्दल सांगतो. आमच्या दशावतारी गंजिफाचे पत्ते गोल, १० रंग, प्रत्येकात १२, एकूण १२०, आणि मत्स्य, कूर्म ही चिन्हं तळहाताएवढ्या जागेत चटकन ओळखू येतात. तुझी चित्रं मोठ्या कॅनव्हासवर असली तरी एकदा पत्त्याएवढी छोटी करून बघ, मानस आणि टिपर तेव्हाही कळले पाहिजेत. चित्रकार पामेला कोलमन स्मिथने १९०९ च्या त्या रायडर-वेट डेकसाठी हेच सांभाळलं, ठळक काळी रेघ, सपाट रंग. मार्सेच्या जुन्या डेकमध्ये साध्या पत्त्यांवर नुसते पेले नि तलवारी मोजायच्या, हिने तिथे माणसं आणि प्रसंग घातले. रेघेसाठी कावी कला वापरता येईल, पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो खरवडून काढलेलं चित्र, जुन्या देवळांच्या भिंतींवर असतं तसं. दोनच रंगांत अख्खी मालिका बांधली जाईल.

फोंड्याची_रेघ
मानस डोक्यातून जातच नाहीये आता, थँक्यू मांडवीकाठ!! डिचोलीकार, हप्त्याचं तुमचं एकदम पटलं, बँकेचा कागद त्या माणसाच्या हातात देते. कावीचे दोन नमुने करून बघणार. टॉवर राहिला फक्त. ओल्ड गोव्याचा सेंट ऑगस्टिनचा मनोरा घेतला तर पोस्टकार्ड होईल का?

मांडवीकाठ
नुसता मनोरा काढलास तर होईल. पण तो पडला कसा ते काढ ना. कार्डात वीज कोसळते आणि एका क्षणात सगळं खाली. ऑगस्टिनचं तसं नाही, १८३५ मध्ये संन्याशांना जावं लागलं, चर्च ओस पडलं, १८४२ ला छत कोसळलं आणि दर्शनी भाग नि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ ला. जवळजवळ शंभर वर्षं ते पडतच होतं. आपल्याकडे डोंगर कापणं, शेतं भरणं पण असंच हळूहळू चाललंय, वीज पडायची वाट कुणी बघत नाही. म्हणून मी विजेच्या जागी पावसाचं पाणी आणि चिऱ्यांच्या फटीत वाढणारं पिंपळाचं रोप काढीन, आणि खाली माणसं आपापल्या कामाला चाललेली.

डिचोलीकार
पिंपळ नको, तो सगळेच काढतात. चिरा भिजून काळा पडतो ना पावसाळ्यात, तेवढाच दाखव. कावीच्या तांबड्यात तो भारी उठून दिसेल.