नळाचं पाणी फारच जड आहे, सॉफ्टनर घ्यावा की आरओ?

निळी_छत्री
चार महिन्यांपूर्वी आम्ही शहरातल्याच दुसऱ्या भागात राहायला आलो आणि तेव्हापासून पाण्याने वैताग आणलाय. जुन्या घरी पाण्याकडे कधी लक्षसुद्धा गेलं नव्हतं. इथे साबण कितीही घासा फेसच येत नाही, अंग धुतलं तरी चिकट राहतं, बादलीच्या कडेला राखाडी साय धरते, ग्लास वाळले की पांढरे डाग. शॉवरची निम्मी भोकं बुजलीत, एक धार अंगावर येते आणि दुसरी थेट भिंतीवर. काळे कपडे विटल्यासारखे दिसायला लागलेत आणि गीझर लावला की आतून खडे उकळल्यासारखा आवाज येतो.

काल एक मशीन विकणारे आले, नळाच्या पाण्यात मीटर बुडवला, आकडा आला ६४०. मग एका ग्लासात आमचं पाणी आणि एकात त्यांच्या मशीनचं, दोन्हींत सळ्या घालून करंट सोडला तर आमचं पाणी मिनिटभरात तपकिरी गढूळ झालं आणि त्यांचं तसंच राहिलं. म्हणाले हेच पोटात जातं, याने मुतखडा होतो. आई इतकी घाबरली की तिने काल संध्याकाळपासून पाणी पिणंच कमी केलंय. शिवाय धाकट्याला एक्झिमा आहे. अख्ख्या घराला सॉफ्टनर लावू की आरओ पुरेल? उद्या ते परत येणार आहेत, प्लीज लवकर सांगा.

ब्युरेटवाला
उद्या काहीही घेऊ नका आणि आधी आईंना भरपूर पाणी प्यायला सांगा. जड पाण्याने मुतखडा होतो असं सिद्ध झालेलं नाही, कमी पाणी प्यायल्याने मात्र धोका नक्की वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कुठलीही मर्यादा घातलेली नाही.

तो सळ्यांचा प्रयोग बघून मला दर वेळी संताप येतो. त्यातली एक सळी लोखंडाची असते, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, लोखंड विरघळतं आणि त्याचाच तपकिरी गाळ दिसतो. म्हणजे ती घाण पाण्यातली नाहीच, सळीची आहे. मशीनच्या पाण्यात क्षार कमी म्हणून करंट वाहत नाही, बस. त्यांच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून परत करायला सांगा, तेही तसंच होईल.

आता ६४० चं. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस काढतो, त्यात साधं मीठही आलं. जडपणा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, तो त्या मीटरवर वेगळा दिसतच नाही. त्यासाठी हार्डनेसची पट्टी आणा नाहीतर लॅबमध्ये द्या, तिथे एका द्रावणाचे थेंब टाकत जातात आणि पाणी लालसरचं निळं झालं की मोजणी संपते. लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड, त्यापुढे फार जड, असं साधारण धरतात.

आणखी एक करून बघा, पाणी दहा मिनिटं उकळा, गार झालं की गाळून घ्या आणि परत मोजा. आकडा बराच उतरला तर तुमचा जडपणा बायकार्बोनेटचा आहे, तापवलं की तो खाली बसतो. गीझरमध्ये नेमकं तेच चाललंय.

गच्चीवरची_टाकी
आमच्याकडेही हेच होतं. गीझर खोलला तर हीटरच्या कॉइलवर अंड्याच्या टरफलासारखा थर, बोटाने दाबला की कपचे निघायचे, आणि टाकीच्या तळाशी त्या कपच्यांचा ढीग. तुमचा आवाज तोच, थराखाली पाणी अडकून उकळतं. एकदा माणूस बोलवून साफ करून घ्या, आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला, आणि थर्मोस्टॅट ७५ वर असेल तर ६० वर आणा, जितकं जास्त तापवाल तितका थर भराभर धरतो.

शॉवरला प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून रबराने बांधून ठेवा, दोन-तीन तासांनी जुन्या टूथब्रशने घासा. संगमरवरावर मात्र थेंबही पडू देऊ नका, दगड खातो. आणि ब्लीच किंवा क्लोरीनवालं क्लीनर त्याच दिवशी वापरू नका, ॲसिडशी मिसळलं तर विषारी वायू होतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

कपड्यांचा रंग सगळा उडालेला नसतो हो, बरेचदा साबणाची सायच धाग्यात अडकलेली असते. वडीचा साबण सोडा, डिटर्जंट वापरा आणि पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेलं माप घ्या.

पावसाळी_पाखरू
तुरटी फिरवून बघितलीत का? आमच्या घरी वर्षानुवर्षं तेच करतात.

ब्युरेटवाला
तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेलं कॅल्शियम नाही जात. जडपणाला तिचा उपयोग नाही.

दोन_पोरांची_आई
एक्झिमाबद्दल लिहिते कारण मी स्वतः त्यातून गेलेय आणि त्या आशेवरच सॉफ्टनर घेतला होता. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर नेमकी हीच चाचणी झाली होती, २०११ मध्ये निकाल छापून आला, सॉफ्टनर लावलेल्या घरांतल्या मुलांचा एक्झिमा तीन महिन्यांत बाकीच्यांपेक्षा जास्त बरा झालेला दिसला नाही. आमचाही अनुभव तोच. अंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने, साबण कमीत कमी आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, याचाच उपयोग झाला. औषध डॉक्टरांना विचारूनच.

सॉफ्टनर वाईट नाही, नळ, गीझर, मशीन सगळं सुधारलं. पण तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे साधारण ४६ मिलिग्रॅम, म्हणून पिण्याचा नळ त्यातून वेगळा ठेवा, घरात कुणाला मीठ कमी खायला सांगितलं असेल तर नक्कीच. आणि टीडीएस त्याने उतरत नाही, मीटर लावून फसवलं असं वाटून घेऊ नका.

निळी_छत्री
सगळ्यांचे खूप आभार. पट्टी आणली, नळाचं पाणी ३०० च्या आसपास, उकळून गाळलेलं १०० च्या थोडं वर. आईला वाचून दाखवलं, तिने लगेच तांब्याभर पाणी घेतलं. ते मशीनवाले आले तेव्हा मी फक्त मीठ टाकून परत दाखवा म्हटलं, तर उशीर होतोय म्हणून निघून गेले. गीझरवाल्याला रविवारी बोलावलंय, रॉडचंही सांगितलंय, तोवर शॉवरला पिशवी बांधून ठेवली आहे.