हॉलमध्ये रॉथ्कोच्या चित्राची प्रिंट लावणं चूक आहे का?

वैदर्भी (मनीषनगर, नागपूर)
घर रंगवलं तेव्हा हॉलची मोठी भिंत मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. तिथं आता अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्कोच्या १९६१ सालच्या 'ऑरेंज, रेड, यलो' या चित्राची तीन बाय साडेतीन फुटांची प्रिंट लागली आहे. लाल जमिनीवर पिवळ्या-केशरी रंगांचे आडवे चौकोन, कडा विरघळल्यासारख्या. झाड नाही, माणूस नाही, देव नाही.

सासरे म्हणतात, "यापेक्षा भिंतच केशरी करून घेतली असती." एका नातेवाईकांनी तर हा खोटा मोठेपणा आहे असं तोंडावर सांगितलं, आणि ते मला लागलं. मूळ चित्र २०१२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास ८ कोटी ६९ लाख डॉलरला गेलं. ते माझ्या डोळ्यांना दिसण्याची शक्यता नाही. पण रात्रपाळी करून सकाळी घरी येते तेव्हा सगळे झोपलेले असतात, आणि मी दहा मिनिटं त्या रंगासमोर बसते. तो हळूहळू पुढे येतो, मागे जातो. रात्रभरचं डोक्यातलं सगळं खाली बसतं. यात खोटं काय आहे?

निवृत्त कलाशिक्षक
ताई, तुमच्या दहा मिनिटांबद्दल मला आदर आहे. पण भिंतीवर आहे तो रॉथ्को नाही.

मूळ चित्र पावणेआठ फूट उंच आणि पावणेसात फूट रुंद आहे. बघणाऱ्यानं हातभर अंतरावर उभं राहावं अशी रॉथ्कोची अपेक्षा असे, म्हणजे रंग चारही बाजूंनी माणसाला घेरतो. शिवाय तो रंग पातळ करून थरावर थर देई. खालचा थर वरच्यातून झिरपून दिसतो, आणि तुम्ही म्हणता ते पुढे येणं, मागे जाणं त्यातूनच घडतं. छपाईत थर उरत नाहीत, शाईचे ठिपके उरतात.

याच माणसानं १९५८ साली न्यूयॉर्कच्या एका उंची रेस्टॉरंटसाठी चित्रांचं काम घेतलं होतं. पुढं तिथं जेवून आला आणि आपली चित्रं अशा जागी लागू नयेत म्हणून घेतलेले पैसे परत केले. जागेबद्दल इतका हळवा चित्रकार सोफ्याच्या वर लावणं मला पटत नाही.

महालची सून
सर, आमच्या देवघरात राजा रविवर्म्याची लक्ष्मी आहे. आजेसासूबाईंनी लग्नात आणलेली, छापील. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला म्हणून तर ती इथवर आली. चार पिढ्यांनी तिच्यापुढे हात जोडले, मूळ तैलचित्र कुणीच पाहिलं नाही. मग ती लक्ष्मी खोटी समजायची का? अर्ध्या महाराष्ट्राची देवघरं छापील चित्रांवर उभी आहेत.

निवृत्त कलाशिक्षक
लक्ष्मी ओळखू येते, ताई. तळहाताएवढी लहान केली तरी कमळ, हत्ती, चार हात दिसतात. रॉथ्कोच्या चित्रात ओळखायला काही नाहीच. आकार आणि रंग, एवढंच आहे, आणि प्रिंटमध्ये नेमके तेच दोन बदलतात.

धरमपेठकर
सरांचा मुद्दा बिनतोड आहे, पण माझी तक्रार दुसरी. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे १९२४ साली आपल्या नागपुरात जन्मले. १९६४ साली न्यूयॉर्कला गेले, त्या मुक्कामात रॉथ्कोच्या स्टुडिओत जाऊन आले. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा, अशी त्यांची पद्धत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. चित्रकार सय्यद हैदर रझा तर नागपूरच्याच चित्रशाळेत शिकले. आपल्या किती हॉलमध्ये या दोघांपैकी कुणी आहे?

आणि प्रिंट कुठून घेतली? आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. रॉथ्को १९७० साली गेला, म्हणजे २०३० संपेपर्यंत नेटवरून उतरवून छापून आणणं चोरीच.

वैदर्भी
परवाना असलेल्या विक्रेत्याकडून घेतली आहे, पावतीसकट. गायतोंड्यांबद्दल मान्य, त्यांचा जन्म इथला हे मला आजच कळलं. पण माणूस आपल्या गावचा आहे म्हणून चित्र आवडत नाही. मला या लालानं धरून ठेवलंय.

बर्डीचा फ्रेमवाला
ताई, भिंतीवर पश्चिमेचं ऊन येते काय, हे आधी सांगा. आपल्या इथं मे महिन्यात पारा ४५ वर जाते, पण रंग गरमीनं नाही, उजेडानं उतरते. डाय शाईची प्रिंट असली तर लवकर फिकी पडते, पिगमेंट शाई जास्त टिकते. लाल-पिवळ्याकडे लक्ष ठेवा. आणि साधी काच लावली असन तर चित्राऐवजी खिडकीच दिसन.

वैदर्भी
दुपारी तीननंतर येतं ऊन. काचही साधीच आहे.

सर, उन्हावरूनच तुम्हाला विचारते. रॉथ्कोनं हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली मोठी चित्रं मोठ्या खिडक्यांच्या खोलीत लागली होती. त्यातला लिथॉल रेड नावाचा लाल रंग उन्हानं उडाला आणि १९७९ साली ती काढून ठेवावी लागली. २०१४ मध्ये कॅनव्हासला हात न लावता प्रोजेक्टरमधून रंगीत प्रकाश टाकून उडालेला रंग पुन्हा दाखवला. लोक त्या प्रकाशासमोर उभे राहिले. रॉथ्कोचा लाल तिथंही नव्हताच. मग त्यांना तुम्ही काय म्हणाल?

निवृत्त कलाशिक्षक
प्रकाश पडला तो त्याच्या कॅनव्हासवर, त्याच्या हातच्या थरांवर. तुमच्याकडे तो कॅनव्हास नाही. माझं मत तेच आहे. पण उन्हातून आजच काढा, आणि लावाल तिथं खाली लावा. तो स्वतः चित्रं जमिनीच्या जवळ लावायला सांगे.

वैदर्भी
काढली. आता आतल्या भिंतीवर आहे, काच न लावता, खालची कड जमिनीपासून दीड फुटावर. सोफा हलवावा लागला. आता ती सासऱ्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर येते.