बॅग घेऊन उतरणारा प्रवासी: गुन्हेगार की घाबरलेला?

सुदामानगरकर
काल एका सद्गृहस्थांनी इथे फर्मावलं की, विमान रिकामं करायची वेळ आल्यावर जो बॅग उचलेल त्याला थेट तुरुंगात टाका. वर "आपले इंदूरवाले तर उचलणारच" ही टपली. रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितो.
चेक-इनचं वजन जरा वर गेलं की किलोमागे पैसे उकळतात. मग माणूस मोलाचं सगळं सात किलोच्या हातबॅगेत कोंबतो: पासपोर्ट, लॅपटॉप, गोळ्या, लग्नाला निघाला असेल तर दागिने. आणि नेमकी तीच बॅग सोडून पळा म्हणायचं! सामान हरवल्यावर भरपाईसाठी किती हेलपाटे पडतात, ते भोगलेल्याला विचारा. आधी ते सुधारा, मग तुरुंगाचं बोला.

रामबाग_जुना
ते सद्गृहस्थ मीच. आणि मी एक शब्दही मागे घेत नाही.
२ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्यात ३७९ माणसं. आतली ध्वनियंत्रणा बंद पडली, कर्मचारी मेगाफोन घेऊन घसा फोडून ओरडत होते. आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी होती. तरी बॅगा सोडून सगळे बाहेर, आणि मागे विमानाचा कोळसा. जपानी माणसांना पासपोर्ट नसतो का?

माळवी_मिरची
आलं जपान! काका, आपल्याकडच्या माणसांचं बोला ना. ३ ऑगस्ट २०१६, तिरुवनंतपुरमहून निघालेलं एमिरेट्सचं विमान दुबईत पोटावर घसरलं. आतला व्हिडिओ आठवतो का? धूर भरतोय आणि लोक वरचे कप्पे उघडून लॅपटॉप शोधतायत. तरी ३०० च्या ३०० बाहेर आले. म्हणजे बॅगेने काही अडलं नाही.

रामबाग_जुना
काही मिनिटांतच इंधनाची टाकी फुटली आणि आग विझवायला आलेला एक जवान गेला. हे सोयीस्कर विसरलात? नशिबाला नियम समजू नका, ताई.

राजवाडा_वाली
माझं ऐका. मुंबईहून येताना उतरायच्या आधी केबिनमध्ये जळकट वास सुटला. कंपनीचं नाव घेत नाही. नंतर काही निघालं नाही, पण चाकं टेकताच अर्धं विमान उभं! माझ्या मागच्याने वरून पिशवी ओढली, ती फाटली आणि बारीक शेव पॅसेजभर सांडली. एक आजोबा तिच्यावरून घसरून गुडघ्यावर पडले. ती कर्मचारी मुलगी ओरडतेय "बसा, बसा", आणि हा इंदुरी भिया तिलाच सुनावतोय, "मॅडम, शेव किसकी है देख तो लो!" त्या दिवशी खरी आग असती तर?

सुदामानगरकर
मान्य, तो भिया तुरुंगात. खूश? पण कंपनीच्या लोभाचं काय? संकटकालीन दाराजवळची सीट जास्त पैसे घेऊन विकतात, ते चालतं?

लोकमान्यनगर_६फूट
अहो, ती सीट मीच घेतो. गुडघे मावत नाहीत दुसरीकडे.

रामबाग_जुना
शाबास. आणि कर्मचारी सूचना देते तेव्हा कानात इअरफोन असतो. ए-३२० च्या पंखावरचं दार बिजागरीवर फिरत नाही. पंधरा किलोच्या आसपासचं ते झाकण उचलून बाहेर फेकायचं असतं. सीटसमोरचं सूचनांचं कार्ड कधी वाचलंय?

लोकमान्यनगर_६फूट
माझ्या कानापर्यंत कशाला आलात? मी जिमला जातो, पंधरा किलो एका हाताने उचलतो. तुम्ही स्वतःचं बघा.

माळवी_मिरची
१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर तर जो तो ११-ए मागतोय. २४२ जणांतला एकटा त्या सीटवरचा वाचला ना. आमच्या जेठांनीही ११-ए च घेतली. बघतात तर शेजारी नुसती खिडकी, दार नाहीच!

राजवाडा_वाली
प्रत्येक विमानात ११-ए दाराशी नसते गं. आणि अहमदाबाद मध्ये आणू नका. तिथे बॅग सोडायचा प्रश्नच आला नाही कुणाला.

सुदामानगरकर
हे मात्र खरं. पण काका, विमान ९० सेकंदांत रिकामं होतं म्हणतात ती चाचणी बघा. २००६ मध्ये ए-३८० मधून निम्मी दारं बंद ठेवून ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरवली. पण त्या माणसांच्या बॅगेत माहेरचं सोनं नव्हतं.

रामबाग_जुना
सोनं अंगावर घाला. गोळ्या, पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये. बाकी सगळं बाजारात मिळतं. ३१ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीहून इंदूरला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनात आगीचा इशारा आला म्हणून परत फिरलं. सुखरूप उतरलं. पण त्यात तुम्ही असता तर? बॅग शोधत बसला असता?

सुदामानगरकर
पाऊच घेतो, बास? पण तुरुंगाला माझा विरोध कायम. दंड करा, आणि तितकाच दंड दाराजवळची सीट विकणाऱ्या कंपनीलाही करा.

लोकमान्यनगर_६फूट
म्हणजे ती सीट फुकट मिळणार? मग माझा पाठिंबा.

रामबाग_जुना
आधी कार्ड वाच, बाबा.